नोंदवहीतील पूर्वज

रत्नागिरी जिल्ह्यातील एका घरात भाद्रपदाच्या वद्य पक्षात म्हाळ घातला जातो, तेव्हा पितरांची पाने वाढून झाल्यावर एक पान वेगळे मांडण्याचा प्रघात आहे. घरात त्याला 'बोटीवर गेलेल्याचे पान' म्हणतात. खापरपणजोबांचा धाकटा भाऊ एका उन्हाळ्यात मुंबईस गेला, तेथून ऊसमळ्यांच्या बेटावर गेला, आणि त्यानंतर त्याची वार्ता आली नाही, एवढेच ह्या पानामागचे वृत्त. वार्ता नाही म्हणून तिथी नाही. बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करावा व त्याचे दहन करावे असे शास्त्र सांगते. पण ह्या घराने तसे काही केल्याची आठवण कोणापाशी नाही. बहुधा वाट पाहणे संपले आहे हे ठरविण्याचे धैर्य एकाही पिढीला झाले नसावे.

ह्या घरातील एक गृहस्थ आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झाले आणि २०१२ साली मॉरिशसला गेले. जाण्याचे सांगण्याजोगे कारण वाङ्मयीन होते. न सांगण्याजोगे कारण म्हणजे ते पान. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत भारतीय स्थलांतरितांच्या मूळ नोंदवह्या जतन केलेल्या आहेत आणि त्या बेटावरील शेकडो कुटुंबांनी तेथे आपले पूर्वज शोधून काढले आहेत, हे त्यांच्या वाचनात आले होते. बेटावरच्यांना इकडचे गाव सापडते, तर इकडच्यांना तिकडचा माणूस का सापडू नये, असा त्यांचा साधा तर्क होता.

तर्कात चूक नव्हती, आणि माणूस सापडलाही. अडचण एवढीच की तो एक नव्हता. त्या नावाचे, त्या वयाच्या जवळपासचे, मुंबई बंदरातून चढलेले पुरुष एकाहून अधिक निघाले. आडनाव कोणालाच नव्हते. बापाचे नाव होते, पण ते इंग्रज लेखनिकाच्या कानाला जसे ऐकू आले तसे उतरलेले होते, आणि एका नोंदीतील बाप दुसऱ्या नोंदीतील बापाहून निराळा आहे की केवळ निराळ्या कानाने ऐकलेला आहे हे सांगणे अवघड होते. गावाच्या जागी दोन ठिकाणी नुसते 'मुंबई' लिहिलेले होते. ज्याने आयुष्यात मुंबई दोनचार दिवसच पाहिली असेल, त्याचे गाव म्हणून मुंबईची नोंद व्हावी, ह्यात त्या व्यवस्थेची सगळी दृष्टी सामावलेली आहे. माणूस कोठून आला ह्याच्याशी तिला कर्तव्य नव्हते; कोणत्या धक्क्यावरून आला हे तिला पुरेसे होते.

नोंदवहीचे रकाने पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जहाज, मळा. ह्यांतील उंची आणि खूण ही पळून गेलेल्याला ओळखण्यासाठी आहे, वय कामाचा अंदाज करण्यासाठी आहे, आणि क्रमांक बाकी सर्वांना अनावश्यक करण्यासाठी आहे. दीडशे वर्षांनंतर ह्याच रकान्यांत माणसे आपले कूळ शोधतात. जो कागद माणसाला निव्वळ कष्टकरी हात म्हणून मोजण्यासाठी तयार झाला, तोच कागद त्याच्या वंशजांची एकमेव वंशावळ ठरतो, ह्या विसंगतीपाशी अध्यापक त्या दिवशी थांबले. आणि म्हणावे लागेल की ते अजून तेथून पुढे गेलेले नाहीत.

ज्या बेटासंबंधी हे चालले आहे त्याचा एक विशेष ध्यानात घ्यावयास हवा. वसाहतवादाची चर्चा आपण सामान्यतः एका गृहीतकावर करतो: आधी एक समाज होता, त्याची भाषा होती, देव होते, जमीन होती, नंतर परका आला आणि त्याने हे सर्व मोडले. मॉरिशसला हे 'आधी' नाही. १५९८ साली डच तेथे उतरले तेव्हा बेटावर माणसांची वस्ती नव्हती. १६३८ पासून त्यांनी वसाहतीचे प्रयत्न केले आणि १७१० मध्ये बेट सोडले. १७१५ साली फ्रेंचांनी त्यावर हक्क सांगितला; त्यांच्या काळात मादागास्कर, पूर्व आफ्रिकेचा किनारा, आणि काही प्रमाणात हिंदुस्थानातूनही माणसे गुलाम करून आणली गेली. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले, मात्र फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, कायदे व भाषा तशीच राहू दिली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी रद्द झाली आणि सुमारे सहासष्ट हजार माणसे कायद्याने मुक्त झाली. भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली गेली, ती मालकांना. मुक्त झालेल्यांना आणखी चार वर्षे 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मळ्यांवर राबविण्यात आले. दरम्यान २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून छत्तीस हिंदुस्थानी मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पुढे १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसे त्या धक्क्यावरून गेली. काही तेथे राहिली, काही आणखी दूरच्या वसाहतींत पाठविली गेली. १८४२ नंतर मुंबई बंदरातूनही ही वाहतूक रीतसर चालू झाली आणि कोकणपट्टीतील माणसे तीत सामील झाली.

म्हणजे बेटाच्या इतिहासाचा क्रम हा समाजांचा क्रम नाही. उसाला ज्या ज्या वेळी जे हात स्वस्त पडले त्यांचा तो क्रम आहे. अशा ठिकाणी 'आपण कोण' ह्या प्रश्नाला मागे वळून उत्तर शोधू गेल्यास शेवटी हाती लागते ती मळ्याची आणि सरकारची दप्तरे.

दप्तरेही सर्वांना सारखी नाहीत. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांना छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती झाली. तो नसला तर भटका म्हणून अटक होई. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हिट्झ ह्या मळेवाल्यांतील बंडखोराच्या साहाय्याने नऊ हजारांहून अधिक मजुरांनी ह्या जाचाविरुद्ध अर्ज केला, आणि त्यामुळे चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला. पकडण्यासाठी काढलेली ती छायाचित्रे आज मॉरिशसमधील पुष्कळ घरांत मोठी करून, चौकटीत बसवून, हार घालून भिंतीवर लावलेली दिसतात. अध्यापकांना एका घरात असे छायाचित्र दाखविण्यात आले. छायाचित्रातला माणूस कॅमेऱ्याकडे जसा पाहतो आहे तसे कोणी आपल्या नातवंडांकडे पाहत नाही. तरी नातवंडांच्या नातवंडांनी त्या नजरेसमोर समई लावली आहे, आणि त्यांना दोष देता येत नाही. दुसरा चेहरा त्यांच्यापाशी नाही.

गुलामांच्या वंशजांपाशी हाही नाही. त्यांच्या पूर्वजांना मालकाने दिलेली नावे होती. त्यांत थट्टेची नावे होती, महिन्यांची नावे होती, पण बापाचे नाव नव्हते, गाव नव्हते. गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी ह्या दोहोंच्या परिणामांचा १६३८ पासूनचा शोध घेण्यासाठी मॉरिशसने २००९ साली सत्य आणि न्याय आयोग स्थापन केला आणि त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. दोन्ही दुःखांची एकत्र मांडणी करण्याचे ते धाडस महत्त्वाचे होते. पण अध्यापकांना मोक्याच्या त्या शांत खोलीत जाणवलेली गोष्ट अहवालापेक्षा लहान होती. वंशावळ शोधायला आलेल्या त्या दिवशीच्या माणसांत सगळी हिंदुस्थानी नावांची होती. पूर्वज असणे हीदेखील एक मालमत्ता असते आणि तिचे वाटप वसाहतीच्या लेखनिकाने केलेले असते, हे त्यांच्या तेथे प्रथम लक्षात आले. आपण येथे वारसदार म्हणून उभे आहोत, आणि वारसा कोणाला तरी नाकारला गेल्यामुळे नाही तरी कोणाला तरी मिळालाच नाही अशा खोलीत उभे आहोत, ही जाणीव सुखाची नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हे रकाने नाहीसे व्हावेत अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. त्याच्या राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात लोकसंख्येचे हिंदू, मुस्लिम आणि चिनी मॉरिशियन असे तीन समुदाय सांगितलेले आहेत. आपल्या जीवनपद्धतीवरून जो ह्या तिहींपैकी कशात मोडत नाही तो चौथ्या, 'सर्वसाधारण लोकसंख्ये'त धरावयाचा. म्हणजे मळ्याचा गोरा मालक आणि त्याच्या गुलामाचा वंशज हे दोघेही 'उरलेले' म्हणून एका सदरात येतात. विधिमंडळातील आठ जादा जागा ह्या वर्गवारीच्या आधारे भरल्या जातात. १९७२ नंतर जनगणनेत समुदाय विचारणे बंद झाले. तरी जागांची वाटणी त्याच १९७२ च्या आकड्यांवर चालत राहिली. उमेदवाराला समुदाय सांगण्याची सक्ती करणे, आणि तेही इतक्या जुन्या आकड्यांच्या आधारे, हे २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने अयोग्य ठरविले. वसाहतीने घातलेली घडी अशी टिकते. नावाची पाटी बदलते, रकाने राहतात. आणि जे रकान्यात आहेत त्यांनाच ते पुसले जाण्याची भीती वाटू लागते. १९९८ साली नव्या नोटांवर तमिळ मजकुराच्या आधी हिंदी मजकूर छापला गेला, तेव्हा तमिळ समाजाने आपण आधी आलो असे सांगून तीव्र आक्षेप घेतला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. ज्या बेटावर कोणीच मूळचा नाही तेथे 'आधी आलो' हे मूळपणाच्या जागी उभे राहते.

मराठी माणसे ह्या मांडणीत हिंदूंच्या आतील एक लहान गट. बेटाच्या पश्चिमेकडील कास्कावेलसारख्या गावांत त्यांची वस्ती आहे, शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. अध्यापकांचे स्वागत एका मराठी शिक्षिकेच्या घरी झाले. संध्याकाळी अंगणात झाकरी झाली. कोकणातील जाखडीचा पदन्यास अध्यापकांनी लहानपणी गणपतीत पाहिलेला. तो येथे पायांत तसाच शिल्लक होता, किंबहुना त्यांच्या गावी राहिला नव्हता इतका शाबूत होता. त्यांचे डोळे भरून आले. 'सातासमुद्रापार जपलेली मराठी' हा वाक्प्रयोग त्यांच्या ओठांवर आला, आणि तो उच्चारलाही गेला.

नाच संपल्यावर गाणारी मुले आपसांत बोलू लागली ती क्रिओलमध्ये. शिक्षिकेनेही मुलाला रागावून आत बोलाविले ते क्रिओलमध्ये. जेवताना तिने स्वच्छ, किंचित पुस्तकी मराठीत सांगितले की मराठी तिच्या आजीची पूजेची भाषा होती, तिची स्वतःची पोटापाण्याची आहे; जनगणनेत 'पूर्वजांची भाषा' असा प्रश्न आला की ती अभिमानाने मराठी लिहिते; पण स्वप्न पडते ते क्रिओलमध्ये. मग ती म्हणाली, "सर, तुम्ही पाहुणे आमच्यात नेहमी तुमचे हरवलेलेच पाहता."

ह्या वाक्याने अध्यापक दुखावले, आणि दुखावले जाणे योग्य होते. बोटीवर गेलेल्या माणसासाठी पान मांडणारे घर त्याच्याबद्दल कधीच विचारत नव्हते. ते स्वतःच्या अपूर्णतेची पूर्तता मागत होते. मराठी जगाचे परदेशस्थ मराठी समाजांविषयीचे प्रेमही पुष्कळदा ह्याच जातीचे असते. आपण त्यांना आपल्या भूतकाळाचे पहारेकरी नेमतो. त्यांनी तेथे नवे काय घडविले हे विचारणे आपल्याला सुचत नाही; कारण त्याचे उत्तर आपल्या भाषेत नसते.

नव्वदीच्या आगेमागे मराठी समीक्षेत भालचंद्र नेमाड्यांच्या मांडणीमुळे देशीयतेची चर्चा भरात होती. अध्यापक ती वर्गात हिरिरीने शिकवीत. भूमी, भाषा आणि परंपरा ह्यांच्या अन्वयाशिवाय साहित्यकृतीचे मूल्य ठरत नाही, हे त्यांना पटलेले होते, आजही पटते. ह्या बेटाने त्या सिद्धान्ताला विचारलेला प्रश्न मात्र अवघड आहे. जेथे भूमी सर्वांना परकी, परंपरा प्रत्येकाची निराळी आणि तीही तुटलेली, तेथे देशी कोणते? फ्रेंच ही मालकाची, इंग्रजी राज्यकर्त्याची, हिंदी-मराठी-तमिळ ह्या पूर्वजांच्या. ह्या मातीत जन्मलेली भाषा एकच, क्रिओल. फ्रेंच मालकाचे शब्द आणि परस्परांची भाषा न समजणाऱ्या गुलामांची गरज ह्यांतून ती घडली. तिला दीर्घकाळ मोडकी फ्रेंच म्हणून हिणविले गेले. प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून तिला प्रवेश मिळाला तो २०१२ साली, म्हणजे अध्यापक तेथे होते त्याच वर्षी.

बेटाचे साहित्य ह्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. बर्नार्दँ द सँ-पियेरची 'पॉल आणि व्हर्जिनी' ही १७८८ ची कादंबरी युरोपात अफाट वाचली गेली आणि तिने बेटाला निसर्गरम्य निष्पापपणाची कीर्ती दिली. तीत एक पळालेली गुलाम स्त्री व्हर्जिनीच्या दारी येते. कनवाळू व्हर्जिनी तिला खाऊ घालते, आणि मालकाकडे परत घेऊन जाऊन तिच्यासाठी क्षमा मागते. लेखकाला गुलामगिरीचा तिटकारा होता, हे त्याच्या बेटावरील प्रवासवर्णनावरून निर्विवाद आहे. तरी त्याच्या करुणेला पळालेल्या बाईसाठी मालकाच्या घराखेरीज दुसरा रस्ता दिसत नाही. दोन शतकांनी, १९९१ मध्ये, देव विरासामी ह्यांनी क्रिओलमध्ये 'तुफान' हे नाटक लिहिले. शीर्षकाचा शब्द मराठी वाचकाला परका वाटणार नाही. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'ची ही पुनर्रचना आहे. तीतील कॅलिबन राक्षस नाही. तो मिश्र रक्ताचा, यंत्रविद्येत कुशल तरुण आहे आणि शेवटी सत्ता त्याच्या पिढीकडे येते. विरासामी ह्यांच्या पूर्वजांची भाषा तेलुगू. त्यांनी ती सोडून गुलामांनी घडविलेली भाषा आपली मानली आणि २०२३ साली निधन होईपर्यंत तिच्यात लिहिले. वंशाने न मिळालेला वारसा निवडून घेता येतो, ह्याचे हे उदाहरण आहे.

ह्यावरून पूर्वजांच्या भाषा म्हणजे केवळ वसाहतीचे रकाने, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऊसमळ्यांच्या वस्त्यांतून दिवसभराच्या कामानंतर ज्या बैठका भरत, तेथे कंदिलाच्या उजेडात रामायण वाचले गेले, अक्षरे गिरविली गेली. मळेवाल्याला ज्यातील एक शब्द कळत नाही अशी ती जागा होती. अभिमन्यू अनत ह्यांची १९७७ ची 'लाल पसीना' ही हिंदी कादंबरी ह्याच सोशिक प्रतिकारातून आलेली आहे. शिक्षिकेच्या आजीची पूजेची मराठीदेखील तशीच एक जागा असणार. प्रश्न भाषा जपण्याचा नाही. जपलेल्या भाषेच्या आधारे शेजाऱ्यापासून वेगळे राहण्याचा हक्क मागितला जातो का, हा आहे.

रकान्याची ताकद किती असते ह्याचा पुरावा मॉरिशसच्याच इतिहासात आहे. स्वातंत्र्य देण्यापूर्वी, १९६५ मध्ये, ब्रिटनने तीस लाख पौंडांच्या मोबदल्यात चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला. दिएगो गार्सियावर अमेरिकी लष्करी तळ व्हावयाचा होता. बेटांवर नारळाच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, गुलामांचीच वंशज असलेली माणसे होती. त्यांची नोंद कायमचे रहिवासी म्हणून न करता करारावर आलेले तात्पुरते मजूर म्हणून केली की ती माणसे हलविण्यात अन्याय उरत नाही. तसेच केले गेले, आणि १९६८ ते १९७३ च्या दरम्यान सर्वांना तेथून काढून मॉरिशस व सेशेल्समध्ये आणून सोडले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पुरे झालेच नव्हते असे मत दिले. २२ मे २०२५ रोजी सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचा करार झाला. त्यातही दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे राहावयाचा आहे, आणि आपल्याला कोणी विचारले नाही ही अनेक चागोसवासीयांची तक्रार कायम आहे. अध्यापकांनी ही बातमी घरी वाचली तेव्हा त्यांना नोंदवहीतील 'मुंबई' हा शब्द आठवला. माणसाच्या गावाच्या जागी चुकीचा शब्द लिहिणे ही लेखनिकाची हयगय असू शकते. तोच शब्द मुद्दाम लिहिला तर गाव नाहीसे होते.

मोक्याच्या कार्यालयातील लेखनिकाने निघताना त्यांना सुचविले होते की ह्या नोंदींपैकी एक निवडली तर तिचा रीतसर उतारा करून मिळेल. अनेक जण असे करतात. अध्यापकांनी बराच वेळ त्या क्रमांकांकडे पाहिले. एक निवडला असता तर घराला पूर्वज मिळाला असता, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी घरचा माणूस त्यासाठी घेतला गेला असता. त्यांनी उतारा घेतला नाही.

त्या वर्षीच्या म्हाळाला भटजींनी रिवाजाप्रमाणे नाव आणि गोत्र विचारले. हेही दोन रकानेच, असे अध्यापकांच्या मनात येऊन गेले. धाकट्या भावाने हळूच विचारले, "मग, नाव मिळाले का?" "एकाहून जास्त मिळाली," ते म्हणाले. वेगळे पान त्यांनी स्वतः वाढले. दरवर्षी ते एका माणसापुरते वाढीत. ह्या वेळी भात संपत आला तरी त्यांचा हात थांबला नाही, तेव्हा वहिनींनी काही न बोलता पातेले पुढे सरकविले.